गिरदावरांची खैरियत

कळंबला आमच्या गल्लीत दिवस उजाडायचा तो गिरदावरसाहेबांच्या आरोळीनं. तांबडं फुटून जरा दिसायला लागलं की त्यांच्या घराच्या मागच्या दारातून आवाज यायचा, "खैरियत!" एकच शब्द, पण इतका खणखणीत की समोरचे तेलीबुवा घाण्याला बैल जुंपता जुंपता म्हणायचे, "झाली बाबा साहेबाची तपासणी." कसली तपासणी आणि कुणाची खैरियत, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा एखाद्याला चक्रम ठरवलं की कारणं विचारायचे कष्ट वाचतात, आणि आमच्या गल्लीला कष्ट वाचवायला फार आवडायचं.

मी त्यांची भाडेकरू. निजामाचं राज्य अजून ठणठणीत होतं तेव्हाची गोष्ट. माझं माहेर तेरचं. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, तेव्हा वडिलांनी भाऊबंदांची तोंडं बंद करून मला शिकवलं आणि कळंबच्या मुलींच्या शाळेत चिकटवून दिलं. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. गिरदावरसाहेबांनी दिली, आणि वर बजावलं, "मास्तरीणबाई, या घरात कायदा कडक आहे. बोकड, कोंबडी, अंडं, तूप, गूळ, साखर, सगळ्यांना उंबऱ्याच्या आत मनाई. तुमच्या खोलीत चहा करा, तेवढ्यापुरती साखर माफ. मंजूर?" मी मंजूर म्हटलं. विधवेला त्या काळी असंही कोण तूपसाखर वाढत होतं!

गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला अंमलदार. घोडीवर बसून गावोगाव फिरायचं, पिकं बघायची, बांध मोजायचे. नोकरीत असताना हे गृहस्थ सगळ्या तालुक्यात खाण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या दौऱ्याची वर्दी आली की पाटलाच्या खुराड्यातलं एक कोंबडं कमी व्हायचं आणि शिंक्यावरचं तुपाचं मडकं खाली उतरायचं. पेन्शनीत आले तेव्हा शेरवानीची बटणं लागत नव्हती म्हणे. मी पाहिले ते वेगळेच गिरदावर. उंच, वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखे. शेरवानी तीच, पण तिच्यात आणखी एक गिरदावर सहज मावला असता.

नोकरी सुटली तरी त्यांची कचेरी सुटली नव्हती. ती आता स्वयंपाकघरात भरायची. चुलीपासून हातभर अंतरावर पाट टाकून ते बसत आणि हुकूम सोडत. "ऐकलंस का, आज तांदुळजा हाजिर आहे. चुका उद्यावर तहकूब. हरभऱ्याच्या डाळीला पेश कर."

"व्हय जी," काकू फुंकणी बाजूला ठेवून म्हणायच्या, "आन् मिठाचं काय? त्येला परवानगी हाय का न्हाय?"

"आहे. पण हात आखडता ठेवून."

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हसल्या की सबंध अंग हसायचं. त्यांना मूल नव्हतं. मी त्या घरात राहायला गेले आणि आठवड्याच्या आत त्यांनी मला आपली करून टाकलं.

सकाळी गिरदावरसाहेब काठी आणि पिशवी घेऊन रानात जायचे. ज्या बांधांवर उभं राहून त्यांनी लोकांना दंड ठोकले होते, त्याच बांधांवर वाकून ते आता पाथरी, घोळ, कुर्डू असलं काय काय खुडायचे. एखादा शेतकरी लांबूनच ओरडायचा, "काय ओ साहेब, आता तणाचा बी सारा घेताव का काय?"

"घेतो की. आणि तुमच्यादेखत वसूल करतो."

तो हसायचा, आणि तुरी भरल्या असल्या तर ओंजळभर हिरव्या शेंगा आपणहून पिशवीत टाकायचा. नोकरीत असताना भीतीपोटी मिळायचं ते आता असं हसत मिळायचं. साहेबांना हे कळत होतं की नाही कोण जाणे. शेंगा मात्र ते मोठ्या इतमामानं स्वीकारायचे.

त्यांचा सगळ्यात आवडता सण येळवस. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अवसेला सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पांडव मांडून पुजायचे, आणि मग भज्जी. त्या दिवसांत रानात जे जे हिरवं असेल ते सगळं, तुरीचे नि वालाचे दाणे, ओला हरभरा, मेथी, शेपू, कांद्याची पात, गाजरं, बोरंसुद्धा, एका भांड्यात शिजवून वर बेसन लावायचं. सोबत बाजरीचे उंडे आणि ताकातली ज्वारीची आंबील. गिरदावरसाहेबांचं म्हणणं असं, की वर्षातून एक दिवस माणसं शहाण्यासारखी जेवतात, तर बाकीच्या दिवसांनी काय घोडं मारलंय? म्हणून त्यांना ती भज्जी ज्येष्ठातही हवी असायची. मिळेल त्या पाल्याची करा, पण करा.

"येळवशीची भज्जी कवा बी करत्यात व्हय?" काकू चिडायच्या. "पांडव रुसतील!"

"पांडवांकडे मी दरखास्त केली आहे. त्यांची ना नाही."

त्यावरून गावानं त्यांना 'बारमाही येळवस' असं नाव ठेवलं होतं. लग्नाकार्यात तर त्यांची आणखी शोभा व्हायची. एकदा एका पाहुण्यांकडं कंदुरी होती. पीराला बोकड कापून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना जेवण. साहेब गेले, पीराला माथा टेकवला, पंगतीत बसले आणि खिशातून रुमाल काढून त्यातली भाकरी नि जवसाची चटणी खायला लागले. यजमानाचा चेहरा उतरला. "साहेब, आमचं अन्न वंगाळ हाय का?"

"तुमचं अन्न अव्वल आहे. पोट माझं वंगाळ."

नवराच खात नाही म्हटल्यावर बायकांच्या पंगतीत काकूंनीही पत्रावळीवरची भाकरी तेवढी खाल्ली. बायका आपापसांत हळहळल्या, नवऱ्याच्या खुळापायी बिचारीचं तोंड बांधलंय म्हणाल्या. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

मग एका सकाळी मी चहाचा कप विसळायला मागच्या दाराजवळच्या मोरीत गेले. ती मोरी काकूंची. मला परसात निराळी न्हाणी दिली होती आणि साहेब स्वतः आडापलीकडं जायचे. मी कपात पाणी घातलं मात्र, साहेब घराला आग लागल्यासारखे धावत आले. "तिथं नको! बाई, साखरेचं पाणी तिथं नको!" माझ्या हातातून कप घेऊन त्यांनी तो लिंबाच्या बुंध्यात ओतला. काकू आडावर पाणी शेंदत होत्या. रहाटाचा आवाज येतोय एवढी खात्री करून साहेब धुण्याच्या दगडावर बसले आणि हळू आवाजात मला सगळं सांगितलं.

काकूंच्या आई गोड लघवीच्या रोगानं गेल्या होत्या. हल्ली त्याला मधुमेह म्हणतात. तेव्हा आमच्याकडं लघवीला मुंग्या लागल्या की रोग कळायचा, आणि कळायचा तेव्हा उशीर झालेला असायचा. मग काकूंच्या थोरल्या बहिणीला तोच रोग झाला. पायाची जखम भरेना. गिरदावरसाहेब स्वतः तिला हैदराबादच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं तिचा पाय कापला, आणि ती परत आलीच नाही. तिथल्या डॉक्टरनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हा रोग घराण्यात फिरतो. हिची बहीण असेल तर तिला आतापासून पथ्य करायला लावा. तुपातलं, गोडाचं, मटणाचं सुटू द्या; भाकरी, डाळी, पालेभाज्या पोटभर खाऊ द्या. हमी नाही, पण रोग लांब राहण्याचा मार्ग असला तर हाच आहे.

"मग काकूंना सांगत का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं की. एकदाच. हसली. म्हणाली, बाईमाणसाला कुठं पथ्य असतंय, माझ्या एकलीसाठी का निराळी चूल मांडू?" ते बोटानं दगडावर रेघा ओढत होते. "आणि ती जेवते कुठं, बघता ना तुम्ही? माझ्या ताटात, माझ्या मागनं. मी टाकीन ते तिचं जेवण. इतकी वर्षं तुपाचा गोळा आणि मटणाचा चांगला तुकडा मीच तिच्यासाठी ताटात ठेवत आलो, कौतुकानं. तिचं ताट मला बदलता येत नाही, मास्तरीणबाई. माझं येतं."

म्हणून ते रोज सकाळी, काकू आडावर गेल्या की मोरीपाशी वाकून बघायचे. मुंगी दिसली नाही की ती आरोळी. कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. ती भ्याली तर खाणंच टाकील, म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांचं जेवण निराळ्या डोळ्यांनी बघायला लागले. ते भाकरी कुस्करून खायचे, पण भाजीतला चांगला भाग, डाळीचा घट्ट गोळा, कोवळी गवार असं सगळं ताटाच्या एका कडेला सारून ठेवायचे. मग पोट भरल्याची खोटीच ढेकर द्यायचे आणि उठायचे. काकू त्याच ताटात भाकरी घेऊन बसायच्या. मला त्या ताटाचा हेवा वाटायचा, आज सरळ लिहून टाकते. माझ्यासाठी ताटात काही ठेवणारं कुणी राहिलं नव्हतं.

पण खरी गंमत पुढंच आहे. एकदा मी आणि काकू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. काकू अचानक म्हणाल्या, "बघितलंस ना पोरी, आज बी निम्मं ताट तसंच ठिवलं. भूकच न्हाय ऱ्हायली त्यास्नी."

मी शेंगा सोलत राहिले.

"मला कळत न्हाय आसं वाटतंय त्यास्नी. आईला बघितलंय म्या, अक्काला बघितलंय. त्योच रोग यास्नी झालाय. अक्काला घिऊन हैद्राबादला गेलते, तवा डॉक्टरनं यांची बी तपासणी केली आसंल. आल्यापास्नं कोंबडं सोडलं, तूप सोडलं, अंग बघ कसं झालंय. एकदा उगं माझं नाव म्होरं करून बघितलं, मला भ्याव वाटू नये म्हणून. म्या हसण्यावारी न्हेलं. तवापास्नं त्ये म्हणतील त्यो पाला शिजवते. मी म्होरं बसून पुरणाची पोळी खाल्ली तर त्यांचं मन चाळवंल, म्हणून म्या बी खात न्हाय." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "कुणापाशी बोलू नगं. मला कळलंय आसं त्यास्नी कळलं तर खचतील."

आता घ्या! दोघांची साक्षीदार मी, आणि दोन्हीकडून माझ्या तोंडाला कुलूप. मी पुष्कळ विचार केला. पण एकमेकांच्या काळजीनं दोघंही पथ्यानं जेवत होती, साहेब रोज चार मैल चालत होते, भाजीला मीठमिरची कमी म्हणून दोघं भांडत होती. चांगलं चाललेलं मोडायचं कशाला, म्हणून मी गप्प राहिले.

आणि मग एका सकाळी आरोळी आली नाही.

गल्ली अगदी ओकीबोकी झाली. तेलीबुवा घाणा थांबवून दारात आले आणि विचारायला लागले, "साहेब बरं हाईत न्हवं?" मी मागच्या दाराकडं धावले. गिरदावरसाहेब मोरीपाशी उकिडवे बसले होते. भिंतीतल्या फटीतून काळ्या मुंग्यांची जाड रांग निघून मोरीच्या तोंडाशी गेली होती. त्यांनी माझ्याकडं मान वर करून पाहिलं. इतका भ्यालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"हाजिर आहेत," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी जाहीर केलं, की उद्या बार्शीला भगवंताच्या दर्शनाला जायचं. काकूंनी मला आत ओढलं. डोळे चमकत होते. "देव पावला बघ! बार्शीला मोठा डॉक्टर हाय. आपणहून निघाल्यात, म्हंजे दाखवून घ्यायचं मनात आसणार. तू चल संगं. माझ्या एकलीच्यानं न्हाय व्हायचं ते."

बैलगाडीनं स्टेशन गाठलं, तिथून छोटी आगगाडी. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, त्यामुळं वाटेत निजाम सरकारचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. शिपायानं साहेबांचं गाठोडं सोडलं, तर आत भाकऱ्या आणि मेथीच्या जुड्या. "ये क्या है साब, सब घास?" एरवी साहेबांनी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी नुसतं म्हणाले, "हां, घास है," आणि गाठोडं पुन्हा मांडीवर घेऊन बसले. बार्शी येईपर्यंत त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

देवळात दोघंही डोळे मिटून कितीतरी वेळ उभी होती. बाहेर आल्यावर दोघं एकदमच म्हणाली, की आता आलोच आहोत तर जरा डॉक्टरकडं जाऊन येऊ.

डॉक्टर वयस्क होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?"

साहेबांनी काकूंकडं बोट केलं. काकूंनी साहेबांकडं.

"मला काय झालंय?" काकू.

"तुला काय झालंय म्हणजे? आणि मला काय झालंय?"

"तुमास्नी अक्काचा रोग झालाय. मला समदं ठावं हाय. लपवू नगा आता."

"मला? अगं, तुझ्या मोरीत मुंग्या लागल्यात! काल सकाळी मी स्वतः बघितल्या!"

काकूंनी कपाळावर हात मारला. "अवो, ती काकवी!"

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी साहेब रानात असताना गुऱ्हाळावरून एक ओळखीचा शेतकरी ताज्या काकवीची कासंडी घेऊन आला होता. काकवी म्हणजे उसाचा आटवलेला रस, गुळाच्या आधीचा. साहेबांना पूर्वी ती भाकरीबरोबर फार आवडायची. आजारी माणसाच्या ती दृष्टीस पडायला नको म्हणून काकूंनी सगळी मोरीत ओतली, अन्न सांडलं म्हणून स्वतःच्या गालावर मारून घेतलं, आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

डॉक्टर खुर्चीत मागं रेलून हसले. तरी त्यांनी तपासणी केली, दोघांचीही. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली लहानशी ज्योत. साखर असली तर रंग पालटतो, निळाच राहिला तर काही नाही, असं त्यांनी आम्हांला आधी सांगितलं. काकूंची नळी तापत होती तेव्हा साहेबांनी माझा हात घट्ट धरला होता, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. औषध उकळलं. रंग निळाच राहिला. "पुन्हा एकदा बघा," साहेब म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा बघितलं. मग साहेबांची नळी. तीही निळी.

"खाता काय तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं. साहेबांनी तांदुळजापासून जवसापर्यंत सगळी जंत्री म्हणून दाखवली. "असंच खात राहा. पुढची हमी मी देणार नाही. पण हेच मी रोज बसून लोकांना सांगतो, आणि ऐकत कुणी नाही."

बाहेर दवाखान्याच्या पायरीवर काकू मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. येणारेजाणारे बघत होते.

"माझ्यापायी इतकी वर्सं उपाशी ऱ्हायलाव?"

"उपाशी कुठं? चांगला चरत होतो."

"आन् ताटात ठिवायचाव ते?"

"ते तुझं."

"कोंबडं लई आवडायचं की वो तुमास्नी."

"आवडतंय की अजून," साहेब शेजारी बसत म्हणाले. "त्याचं काय एवढं."

काकूंनी नाक पुसलं आणि त्यांच्या आयुष्यातला पहिला हुकूम सोडला. "आजपास्नं म्या तुमच्या ताटात जेवायची न्हाय. म्होरं माझं येगळं ताट घिऊन बसणार. तुमी समदं खाताव का न्हाय ते बघणार. आन् म्या बी खाते, तुमी बघा."

"मंजूर," साहेब म्हणाले.

कळंबच्या आमच्या गल्लीत गिरदावरांच्या बायकोनं नवऱ्यासमोर ताट घेऊन बसणं ही मुंग्यांपेक्षा मोठी बातमी झाली. तेलीणबाईंनी स्वतः खिडकीतून बघून खात्री करून घेतली. साहेबांचं अंग हळूहळू भरलं. दोघांत भज्जीच्या मधल्या गोळ्यावरून भांडणं व्हायला लागली. मोरीची तपासणी मात्र सुटली नाही. आता तिचं कारण ठाऊक असल्यामुळं काकू आडावरून ओरडून विचारायच्या, "काय हाय?" आणि उत्तर यायचं, "खैरियत!"

पुढं दिवस बिघडले, लोक घरं सोडून गेले, काही परत आले. निजामाचं राज्य गेलं. माझी बदली तुळजापूरला झाली. राज्य गेलं तरी साहेबांच्या स्वयंपाकघरातली कचेरी तशीच भरत राहिली. ते गेले ते पुष्कळ वर्षांनी, एका हिवाळ्यात, छातीतल्या कफानं. त्या वर्षीची येळवस जेवूनच गेले.

मी काकूंना भेटायला गेले तेव्हा त्या चांगल्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. आई नि बहीण ज्या वयाला पोचल्याच नाहीत ते वय त्यांनी केव्हाच ओलांडलं होतं. पायांना जखम नाही, डोळे शाबूत, सुईत दोरा स्वतः ओवायच्या. पालेभाज्यांनी रोग टळला की त्यांच्या वाट्याला तो यायचाच नव्हता, हे मला सांगता यायचं नाही. बार्शीच्या डॉक्टरांनीही हमी दिली नव्हती. साहेबांनी मात्र आपल्याकडून काही उणं ठेवलं नव्हतं, एवढं मी पाहिलं आहे.

रात्री मी माझ्या जुन्या खोलीतच झोपले. पहाट सरून दिसायला लागलं तेव्हा लोट्याचा आवाज आला म्हणून दार किलकिलं केलं. काकू कमरेवर हात ठेवून मोरीपाशी वाकल्या होत्या. नीट बघितलं, भिंतीची फटही बघितली. मग भिंतीचा आधार घेत घेत ओसरीवर आल्या. तिथं साहेबांची बाज अजून तशीच होती. काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला, आणि वाट बघत बसलेल्या माणसाला सांगावं तसं, हळू आवाजात म्हणाल्या, "खैरियत हाय जी. काळजी करू नगा."